आंतडें आणि काळीज



मराठी भाषेनें मायेला दोन स्थानें नेमून दिलीं आहेत : एक आंतडें आणि दुसरें काळीज. लेकरूं दूरदेशीं गेलें कीं आईचें आंतडें तुटतें, आणि त्याच्या दुखण्याची वार्ता आली कीं तिच्या काळजाचें पाणी होतें. काळीज म्हणजे हृदय, अशी आपली आजची समजूत आहे. परंतु या शब्दाचें नातें संस्कृतांतील 'कालेय' या यकृतवाचक शब्दाशीं आहे, आणि खाटकाच्या दुकानांत कलेजी म्हणून जें विकलें जातें तें यकृतच असतें. तेव्हां आंतडें आणि यकृत यांची जोडी आपल्या बोलींत फार पूर्वीं जमलेली आहे. वैद्यकशास्त्राला मात्र या जोडीचा खरा संबंध उलगडण्यास कित्येक शतकें लागलीं.

आंतड्याचा दाह दीर्घकाळ चालला तर त्याची झळ यकृताला कां लागावी, आणि ती कोणत्या वाटेनें लागावी, हा तो प्रश्न होय. त्याचें उत्तर मनुष्याच्या देहांत शोधणें कठीण होतें; तें बहुतांशीं कुत्रे, गिनीपिग आणि उंदीर यांच्या देहांत शोधलें गेलें. त्या शोधाची हकीकत आज मला सांगावयाची आहे. तींत ज्ञानाचा जय आहे, तसा उतावळेपणाचा धडाहि आहे, आणि तो एकदां नव्हे, तर तीनदां मिळालेला आहे.

प्रथम देहाची रचना पाहूं. प्रौढ मनुष्याचें यकृत सुमारें दीड किलो वजनाचें असतें. इतर अवयवांप्रमाणें त्यालाहि हृदयाकडून ताजें रक्त मिळतें. परंतु त्याच्याकडे येणाऱ्या रक्ताचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग जठर, आंतडीं आणि प्लीहा यांच्यांतून फिरून आलेला असतो. हें रक्त वाहून आणणाऱ्या मोठ्या नीलेला डॉक्टर लोक पोर्टल व्हेन म्हणतात. आपण तिला द्वारनीला म्हणूं. शहराच्या वेशीवर जकातनाका असावा, तसें यकृताचें हें स्थान आहे. आंतड्यांतून शोषलेलें अन्नसत्त्व असो, औषध असो कीं विष असो, त्यांतील बहुतेक माल प्रथम या नाक्यावर येतो, तेथें त्याची झडती होते, आणि मगच तो सर्वांगांत जातो.

ही रचना प्राचीनांना अगदींच ठाऊक नव्हती असें नाहीं. दुसऱ्या शतकांतील ग्रीक वैद्य गेलन याचें मत असें होतें कीं, अन्नाचा रस आंतड्यांतून यकृतांत जातो आणि तेथें त्याचें रक्त बनतें. म्हणून यकृत हा देहाचा राजा ठरला, आणि हें राज्य जवळजवळ चौदाशें वर्षें अबाधित चाललें. त्याला पहिला धक्का एका कुत्र्याच्या निमित्तानें बसला. २३ जुलै १६२२ रोजीं गास्पारे आसेल्ली या इटालियन शस्त्रवैद्यानें नुकत्याच जेवलेल्या एका कुत्र्याचें पोट उघडलें, तेव्हां आंतड्यांच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचें जाळें पसरलेलें त्याला दिसलें. आरंभीं त्याला त्या मज्जातंतु वाटल्या. पण एकीला टोंचतांच तींतून दुधासारखा रस बाहेर आला. अन्नांतील स्निग्ध अंश वाहून नेणाऱ्या त्या वाहिन्या होत्या. आसेल्लीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६२७ त, मिलान येथें प्रसिद्ध झाला. या वाहिन्या यकृतांतच जात असल्या पाहिजेत, असेंच तो शेवटपर्यंत मानीत होता. परंतु १६५१ त झां पेके या फ्रेंच वैद्यानें कुत्र्यांवरील प्रयोगांच्या आधारें दाखवून दिलें कीं, हा पांढरा रस यकृताला वगळून छातींतील एका नळीनें थेट मानेजवळच्या नीलेंत जातो.

झालें! राजाचें सिंहासन गेलें. कोपनहेगनचा प्रसिद्ध शारीरशास्त्रज्ञ थॉमस बार्थोलिन यानें १६५३ त यकृताची थट्टेनें उत्तरक्रियाच उरकली आणि त्याच्या थडग्यावर कोरण्यासाठीं मृत्युलेखहि लिहिला. हा आपल्या कथेंतील पहिला उतावळेपणा. पांढऱ्या वाहिन्या यकृताकडे जात नाहींत एवढेंच सिद्ध झालें होतें. द्वारनीला जागच्या जागीं होती, आणि तिच्यांतून अहोरात्र रक्त वाहतच होतें.

मृत ठरविलेल्या या अवयवाला पुन्हा मान मिळाला तो एकोणिसाव्या शतकांत. १८४८ त क्लोद बेर्नार यानें पॅरिस येथें दाखविलें कीं यकृत स्वतः साखर निर्माण करतें, आणि १८५७ पर्यंत त्या साखरेचा सांठा, म्हणजे ग्लायकोजेन, त्यानें यकृतांतून वेगळा काढला. पण आंतड्यांकडून येणाऱ्या रक्ताचें यकृत काय करतें, हें जाणण्याचा सरळ उपाय एकच होता : तें रक्त यकृताकडे जाऊंच द्यावयाचें नाहीं, आणि काय होतें तें पाहावयाचें.

हा उपाय १८७७ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें निकोलाय एक्क या रशियन शस्त्रवैद्यानें केला. द्वारनीला बाजूच्या महानीलेला जोडून त्यानें आंतड्यांचें रक्त यकृताला वळसा घालून पुढें नेलें. आठ कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया झाली. त्यांपैकीं एकच अडीच महिने जगला, आणि एके दिवशीं प्रयोगशाळेंतून पळून गेला. एवढ्याशा आधारावर एक्कनें असें अनुमान काढलें कीं, द्वारनीलेचें रक्त दुसरीकडे वळविल्यानें देहाला धोका नाहीं. हा दुसरा उतावळेपणा. १८९३ त त्याच शहरांत पाव्हलोव्ह, नेन्त्स्की आणि त्यांचे सहकारी यांनीं हाच प्रयोग पुन्हा केला व कुत्र्यांवर सतत नजर ठेवली. तेव्हां निराळेंच दिसून आलें. या कुत्र्यांना मांस खाऊं घातलें कीं तीं शांत जनावरें चिडखोर होत, त्यांचा तोल जाई, डोळ्यांना दिसेनासें होई, झटके येत आणि अखेर शुद्ध हरपे. प्रथिनें पचतांना आंतड्यांत जीं विषारी द्रव्यें उत्पन्न होतात, त्यांतील अमोनियाचा निकाल यकृत लावतें, हें या प्रयोगांतून पुढें स्पष्ट झालें. पळून गेलेल्या त्या एका कुत्र्याच्या साक्षीवर मनुष्याचा जीव सोंपविणें किती धोक्याचें झालें असतें, हें निराळें सांगावयास नको.

याच सुमारास नाक्यावरील शिपायांचाहि पत्ता लागला. १८७६ त कार्ल फॉन कुप्फर या जर्मन शास्त्रज्ञानें सोन्याच्या क्षारानें रंगविलेल्या यकृतांत ताऱ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्या. पुढें, शतकाच्या अखेरीस, रक्तांतील जंतु व कण गिळून टाकणाऱ्या ज्या पेशी यकृतांत आढळल्या त्या याच, असें त्यानें मानलें, आणि जगानेंहि तें मान्य केलें. ही चूक जवळजवळ पाऊणशें वर्षें चालली. १९७१ त केन्जिरो वाके या जपानी संशोधकानें सिद्ध केलें कीं गिळणारे शिपाई निराळे आणि ताऱ्याच्या आकाराच्या पेशी निराळ्या. या तारकापेशी एरव्हीं जीवनसत्त्व अ सांठवून ठेवतात. परंतु यकृताला वारंवार इजा झाली कीं त्याच पेशी तेथें वणासारखे कठीण तंतु विणूं लागतात. म्हणजे शिपाई शत्रूशीं लढतो, आणि लढाई लांबली तर शेजारचा कोठीवाला घर बुजवीत सुटतो. यकृत कठीण होण्याच्या रोगाचें हें मर्म आहे, आणि पुढील हकीकतीसाठीं तें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां रोग्यांकडे वळूं. आंतड्याचें दुखणें यकृतांत उतरतें, याचा अनुभव उष्ण देशांत, विशेषतः आपल्याकडे, जुना आहे. मद्रास इलाख्यांत काम केलेले जेम्स ॲन्स्ली यांनीं १८२८ सालीं हिंदुस्थानांतील रोगांवरील आपल्या ग्रंथांत रक्ती आंव आणि यकृतांतील गळूं यांचा संबंध नोंदविला होता. १८८३ त रॉबर्ट कॉख यांना ईजिप्तमध्यें अशा रोग्यांच्या आंतड्यांत व यकृतांतील गळवाजवळ अमीबा आढळले, आणि १८९१ त बाल्टिमोर येथें कौन्सिलमन व लाफ्लर यांनीं या रोगाचें सविस्तर वर्णन केलें. येथें कोडें सोपें होतें. गुन्हेगार स्वतःच द्वारनीलेच्या वाटेनें प्रवास करीत होता.

परंतु आंतड्याचे कांहीं दाह असे आहेत कीं ज्यांत असा एखादाच गुन्हेगार सांपडत नाहीं. १८५९ त लंडनचे सॅम्युएल विल्क्स यांनीं मोठ्या आंतड्याच्या अशा व्रणयुक्त दाहाचें वर्णन केलें. १९३२ त न्यूयॉर्क येथें क्रोन व त्यांचे दोन सहकारी यांनीं लहान आंतड्याच्या तशाच एका चिवट दाहाची ओळख करून दिली. या रोग्यांची यकृतेंहि बिघडलेलीं आढळत. १८७३ त अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील एका डॉक्टरानें मोठ्या आंतड्यांत व्रण असलेल्या एका मृत रोग्याचें यकृत फार वाढलेलें व चरबीनें भरलेलें असल्याचें नमूद केलें. येथें प्रवास कोणी केला? कीं दीर्घ आजारानें उपासमार झाली म्हणून यकृत बिघडलें? कीं दोन्ही अवयवांना एकाच तिसऱ्या कारणानें ग्रासलें? रोग्याच्या खाटेशीं बसून या प्रश्नांचा निवाडा होण्यासारखा नव्हता.

निवाड्याचें एक साधन १८९२ सालीं हातीं आलें. बर्लिन येथें रिचर्ड फायफर यांना पटकीचे जंतु गिनीपिगांना टोंचतांना असें आढळलें कीं, उष्णतेनें मारलेले जंतुहि जनावराचा प्राण घेतात. जंतूच्या देहाचाच अंश असलेलें हें विष, यास एंडोटॉक्सिन म्हणतात, आपण अंतर्विष म्हणूं. याचा अर्थ असा कीं आंतड्यांतून यकृतांत जिवंत जंतूनें जावयासच हवें असें नाहीं. त्याच्या मृत देहाचे तुकडे गेले तरी पुरे.

मात्र या सूक्ष्म विचाराआधींच एक ठोकळ कल्पना लोकांच्या मनांत घर करून बसली होती. आंतड्यांतील मळ कुजून सर्व देहाला विषबाधा करतो, असें मत पॅरिसचे प्राध्यापक बूशार यांनीं १८८७ च्या सुमारास मांडलें. त्याला पुढें इतका जोर चढला कीं, विसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनचे नामांकित शस्त्रवैद्य आर्बथ्नॉट लेन हे केवळ बद्धकोष्ठासाठीं रोग्यांचें मोठें आंतडें काढून टाकूं लागले. कांहीं रोगी त्यांत दगावले, आणि कालांतरानें ही पद्धति मागें पडली. हा तिसरा उतावळेपणा, आणि मनुष्यप्राण्याला सर्वांत महाग पडलेला. आंतड्यांतून विष जातें हें अर्धें सत्य होतें. केव्हां जातें, किती जातें आणि कोणतें जातें, हें उरलेलें अर्धें कोणी तपासलेलें नव्हतें.

तें तपासण्याचें काम पांढऱ्या उंदरांकडे आलें. १९३२ त टोरोंटो येथें चार्ल्स बेस्ट यांनीं, म्हणजे इन्शुलिनच्या शोधांतील सहभागी असलेल्या बेस्ट यांनींच, दाखवून दिलें कीं कोलिन नांवाचा अन्नघटक यकृतांत चरबी सांठूं देत नाहीं. आहारांत कोलिन नसलें तर उंदराचें यकृत चरबीनें भरतें आणि पुढें कठीण होतें. हा केवळ आहाराचा दोष, असें सर्वांना वाटलें. पण १९५७ त असें प्रसिद्ध झालें कीं, याच उंदरांना आंतड्यांतील जंतु मारणारें औषध दिलें तर यकृताचा बचाव होतो. पुढें १९६४ त ब्रॉइटमन, गॉटलिब व झॅमचेक या अमेरिकन संशोधकांनीं एक निर्णायक प्रयोग केला. निओमायसिन दिलेल्या उंदरांचीं यकृतें वांचलीं. परंतु निओमायसिनबरोबर पिण्याच्या पाण्यांत शुद्ध केलेलें अंतर्विष मिसळतांच तें संरक्षण नाहींसें झालें. जंतु नव्हते, त्यांचें विष तेवढें होतें. आणि यकृत पुन्हा कठीण झालें.

तरी या उंदरांच्या आंतड्यांत दाह नव्हता. दाह मुद्दाम उत्पन्न करण्याच्या रीती नंतर सांपडल्या. १९६९ त इंग्लंडमध्यें मार्कस व वॉट यांनीं समुद्रशैवालापासून काढलेलें, विशेष प्रक्रिया केलेलें कॅराजीनन पाण्यांतून पाजून गिनीपिगांच्या मोठ्या आंतड्यांत व्रण निर्माण केले. १९९० त जपानमध्यें ओकायासु व त्यांचे सहकारी यांनीं माऊस जातीच्या छोट्या उंदरांना डेक्स्ट्रान सल्फेट पाजून तोच परिणाम साधला. पाजणें थांबवून पुन्हा सुरू करीत राहिलें कीं दाह चिवट होतो. या रीतीचा उपयोग जर्मनींत रेगेन्सबुर्ग येथें झालेल्या एका प्रयोगांत करण्यांत आला, तो २०११ त प्रसिद्ध झाला. स्निग्ध आहारानें ज्यांचें यकृत आधींच बिघडलें होतें अशा उंदरांच्या आंतड्यांत दाह उत्पन्न केला, तेव्हां द्वारनीलेंतील रक्तांत अंतर्विषाचें प्रमाण वाढलेलें आढळलें, आणि यकृतांतील दाह व कठीणपणा हीं दोन्ही वाढलीं. आंतड्याची भिंत गळूं लागली. नाक्यावरील शिपाई न थांबतां लढत राहिले. तारकापेशींनीं वण विणले. शंभर वर्षांपूर्वीं सुटे सुटे सांपडलेले दुवे अशा रीतीनें एका सांखळींत आले.

या सांखळींतील आणखी दोन दुवे सांगितले पाहिजेत. उत्तर कॅरोलिना येथें लिक्टमन व सार्टर यांनीं १९९० च्या सुमारास उंदरांच्या लहान आंतड्याचा एक भाग शस्त्रक्रियेनें असा बंद केला कीं त्यांत जंतु बेसुमार वाढावेत. कांहीं आठवड्यांत यकृत व पित्तवाहिन्या यांना दाह झाला. पण तो उंदरांच्या ठराविक वाणांतच झाला, इतर वाण जवळजवळ निभावून गेले. जंतूंच्या भिंतीचे तुकडे विरघळविणारें द्रव्य दिलें, तेव्हां यकृताला इजा झाली नाहीं. म्हणजे आंतड्याचा बिघाड ही एक बाजू, आणि जन्मतः लाभलेली प्रकृति ही दुसरी. दुसरा दुवा मिलान शहरांतील, जेथें आसेल्लीचा ग्रंथ छापला गेला होता. तेथें रेशिन्यो व त्यांचे सहकारी यांनीं २०१५ त दाखविलें कीं आंतड्याच्या अस्तराखालीं, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतच, एक दुसरी तटबंदी आहे. ती ढांसळली म्हणजेच जंतूंना यकृताची वाट मोकळी होते.

इतकें सिद्ध झाल्यावर मोह होणें साहजिक आहे. आंतडें बरें केलें कीं यकृत बरें होईल. तें जमत नसेल तर रोगी आंतडें काढून टाकावें! हा मोह लेन यांच्याच जातीचा आहे, आणि मनुष्यदेहानें त्याला उत्तर दिलेलें आहे. पित्तवाहिन्यांना दाह होऊन त्या आकसत जाण्याचा एक रोग आहे. पाश्चात्त्य देशांत या रोगाच्या बहुसंख्य रोग्यांना मोठ्या आंतड्याचा दाहहि असतो. परंतु आंतड्याचा रोग फार वाढल्यामुळें ज्यांचें मोठें आंतडें काढावें लागलें, त्यांच्याहि यकृताचा रोग त्यामुळें थांबला असें दिसून आलें नाहीं; कांहींचा यकृतरोग तर आंतडें काढल्यावर कित्येक वर्षांनीं प्रकट झाला. प्रयोगशाळेंतील उंदीर एकाच वंशाचे, एकाच अन्नावर वाढलेले असतात, आणि त्यांचा रोग आठवड्यांत मोजला जातो. मनुष्याचा रोग वर्षांनुवर्षें चालतो, आणि प्रत्येकाची प्रकृति वेगळी. शिवाय ही वाट एकेरी नाहीं : यकृतांतून पित्त आंतड्यांत उतरतें, तेथील जंतु त्याचें रूप पालटतात, आणि त्याचा मोठा भाग द्वारनीलेनें पुन्हा यकृतांत परततो. कोणी कोणाला बिघडविलें, हें दोघां शेजाऱ्यांच्या भांडणाइतकेंच कठीण कोडें आहे.

म्हणून या इतिहासाचा बोध दुहेरी आहे. मुक्या प्राण्यांनीं आपल्याला वाट दाखविली, ही गोष्ट नाकारतां येणार नाहीं. पण वाट दाखविणें निराळें आणि मुक्कामाला पोंचविणें निराळें. जेथें जेथें लोकांनीं या दोहोंत गल्लत केली, तेथें तेथें चूक झाली, आणि त्या चुकीची किंमत कधीं कुत्र्यानें, तर कधीं रोग्यानें मोजली. या प्राण्यांचें ऋण मानण्याची जाणीवहि उशिरां आली. १९५९ त रसेल व बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनीं सांगितलें कीं, शक्य तेथें प्राण्यांऐवजीं दुसरें साधन वापरावें, त्यांची संख्या कमी करावी आणि त्यांच्या यातना सौम्य कराव्यात. आपल्या देशांतहि १९६० च्या कायद्यानें प्रयोगांतील प्राण्यांच्या छळाला बंधन घातलें. प्रयोग नीट आंखला नाहीं, किंवा त्यावरून काढलेलें अनुमान पोकळ निघालें, तर त्या जनावराचे हाल व्यर्थ गेले, एवढाच त्याचा अर्थ.

गृहस्थाश्रमी श्रोत्यांनीं यांतून घेण्यासारखें थोडेंच, पण महत्त्वाचें आहे. पोट साफ करून यकृत शुद्ध करण्याच्या जाहिराती आजहि येतात. त्या बूशारच्या अर्ध्या सत्यावर उभ्या आहेत, तेव्हां त्यांस भुलूं नये. उलट, घरांतील कोणास महिनोन् महिने जुलाब होत असतील, शौचावाटे रक्त पडत असेल, तर तें केवळ पोटाचें दुखणें म्हणून अंगावर काढूं नये. चांगला डॉक्टर अशा रोग्याच्या यकृताचीहि तपासणी करतो. ती तो कां करतो, हें विचारण्याची वेळ आली तर द्वारनीलेची आठवण ठेवावी. आंतड्याला पीळ पडला कीं काळजाला घोर लागतो, ही आपल्या मायबोलीनें भावनेविषयीं सांगितलेली गोष्ट देहालाहि लागू पडते. फक्त ती कोणत्या देहाला, केव्हां आणि किती लागू पडते, हें धीरानें तपासून पाहावें लागतें.